गाणं कोणी फोडलं

भैयालाल गजभिये वीट हातात घेतली की आधी दुसऱ्या विटेवर ठोकून पाहायचे. खणकन वाजली तर भिंतीत, नाही तर बाजूला. गोंदियाजवळच्या मुर्रीत त्यांना सगळे भैयालाल मिस्त्री म्हणत. मी गोंदियाच्या एका शाळेत शिकवते. आमचं मुर्रीतलं घर त्यांनीच बांधलं, म्हणून त्यांची ही ठोकून पाहण्याची सवय मी रोज पाहिली. माणसांशीही त्यांचं असंच चालायचं. समोरचा हसून बोलला की ते क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे आणि तो पाठमोरा झाला की विचारायचे, "हा काऊन हासून राहिला असंल?"

त्यांची बायको नीला म्हणायची, "यायले घरचा कुत्राबी चोर वाटते. मले त लगनाच्या दिवशी विचारलं होतं, तूच नीला होय न म्हणून."

बांधकाम हे त्यांचं पोटाचं काम. मनाचं काम गाण्याचं. मुर्रीत त्यांची गायन पार्टी होती. भैयालाल गायचे, शालीकराम मेश्राम पेटी वाजवायचा, ढोलकी आणि कोरस धरून सात-आठ जण. शालीकराम हा त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. एका वर्गात बसले, एका वर्षी शाळा सोडली. उंच, अबोल माणूस. भैयालाल बोलायचे, तो पेटीवर बोटं फिरवत ऐकून घ्यायचा.

एप्रिलमधली जयंती जवळ आली की आसपासच्या गावांच्या पार्ट्यांमध्ये चढाओढ लागायची. ज्याच्याकडे नवं गाणं, त्याच्याकडे माणसं. नवं गाणं यायचं कॅसेटमधून. मार्च लागला की भैयालाल सायकल काढून गोंदियाच्या बाजारात जायचे, कॅसेटच्या दुकानात उभे राहायचे आणि दुकानदाराला एक-एक लावायला सांगायचे. तो वैतागायचा, "भाऊ, सुनना है कि लेना है?" भैयालाल म्हणायचे, "पहले सुनता, फिर लेता." घेतली की कॅसेट घरी आणून तांदळाच्या कोठीत खुपसायची. दार लावून, खिडकी लावून, आवाज बारीक करून ऐकायची. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायचा, वहीत लिहायची. शब्द कळला नाही तर मागे घ्यायचं. एकेका गाण्याला दोन-दोन दिवस. पाच वर्षांची मोनाली खिडकीशी बसून कोणी कान देत नाही ना, हे बघायची.

१९९९ साली असंच एक गाणं त्यांनी बसवलं. जयंतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावच्या पार्टीने तेच गाणं, त्याच चालीवर, यांच्या आधी म्हटलं. भैयालालचं डोकं फिरलं. कोणी फोडलं? कोरसवाल्या पोरांना एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. ढोलकीवाल्याची सासुरवाडी त्या गावची निघाली, म्हणून त्याला एक वर्ष पार्टीबाहेर ठेवलं.

शालीकराम शेवटी म्हणाला, "भैया, दुकानदारानं कॅसेट काय तुह्या एकट्यासाठी ठेवली होती? त्यायनंबी घेतली असंल न विकत."

ही साधी गोष्ट भैयालालच्या डोक्यात आली नव्हती. ती कळल्यावर त्यांनी ठरवलं की आता दुसऱ्याचं गाणं नको. आपलं आपण रचायचं.

दोन वर्षं धडपड केली आणि एक गाणं जमलं. मिस्त्रीच असं गाणं रचू शकतो.

पायातल्या गोट्याले कोण पुसते गा,
रंगाच्या भितीले दुनिया पायते गा.

म्हणजे घराच्या पायातला दगड कोणी विचारत नाही, सगळी दुनिया रंगवलेली भिंत बघते. गाणं उचललं गेलं. गोरेगाव, आमगाव, पार सडक अर्जुनीपर्यंत पार्टीला बोलावणी यायला लागली. पण भैयालालनी ते कोणाला लिहून दिलं नाही. कार्यक्रमात कोणी टेपरेकॉर्डर घेऊन पुढे बसला की गाणं थांबवायचे. "आधी तो डब्बा बंद कर, मंग गातो." नागपूरहून कॅसेट काढणारा एक माणूस आला होता. नाव छापतो, फोटो छापतो म्हणाला. त्याला चहा पाजून परत पाठवलं. गेल्यावर नीलाला म्हणाले, "आपल्या नावावर छापंल म्हणते. मंग स्वतःच्या नावावर काऊन नाई छापणार?"

गाण्याला दोनच कडवी होती. तिसरं कडवं त्यांनी पुढे २००६ साली केलं, आई गेली तेव्हा. त्यांची आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधकामावर विटा वाहायची आणि मेली ती मातीच्या भिंतीच्या, गवताच्या छपराच्या घरात. मुलगा मिस्त्री, लोकांची पक्की घरं बांधणारा, आणि आईला एक सिमेंटचा ओटा करून देणं झालं नाही. आज करू, उद्या करू म्हणता राहिलं.

माय वाहे इटा, डोईले पडे घट्टा,
बांधले बंगले लोकायचे, मायले नाई ओटा.

हे कडवं त्यांनी फक्त एकदा, एका माणसासमोर म्हटलं. शालीकरामसमोर, त्याच्या अंगणात, सकाळी. म्हणता म्हणता शेवटच्या ओळीशी अडले. शालीकरामने पेटी बंद केली आणि म्हणाला, "हे लोकायपुढं नको गाऊ. तुले होणार नाई." त्यानंतर ते कडवं कोणी ऐकलं नव्हतं. नीलानेही नाही.

मग दिवस फिरले. ट्रकवर लावलेले डीजे आले. मोठमोठे डबे, छातीत धडधड होईल असा आवाज. जयंतीच्या मिरवणुकीत पार्टीच्या पेटी-ढोलकीचा आवाज त्यात ऐकूच येईना. पोरांना नाचायचं होतं. हळूहळू बोलावणी कमी झाली. कोरसमधला एक जण पुण्याला कंपनीत गेला, एक नागपूरला. उरले भैयालाल आणि शालीकराम.

मोनाली तोवर कॉलेजला जायला लागली होती. तिच्याकडे मोबाइल आला आणि घरात रोज खटके उडायला लागले. एक संवाद तर मी माझ्या कानांनी ऐकला. आमच्याकडे पायाचं काम चालू होतं, मोनाली बापाचा डबा घेऊन आली होती आणि मोबाइलवर गाणं लावून बसली होती.

"कोणाचं हे गाणं?"

"माहीत नाही बाबा."

"गाणारा कोण?"

"तेबी माहीत नाही."

"तुले कोणी दिलं?"

"ब्लूटूथनं आलं."

"ब्लूटूथ कोणाचा पोट्टा होय?"

मोनाली हसून हसून खाली बसली. भैयालाल हसले नाहीत. तिच्या मोबाइलमध्ये चारशे गाणी होती. कॉलेजच्या बसमध्ये एकीने दुसरीला दिली, दुसरीने तिसरीला. आवडलं तर ठेवायचं, नाही तर पुसून टाकायचं. आठवड्याला वीस नवी यायची. भैयालालकडे आयुष्यभराची साठ-सत्तर गाणी होती, पण प्रत्येकाचा माग त्यांना ठाऊक होता. हे तिरोड्याच्या मावसभावाकडून आलं, हे अमक्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिसरं होतं, हे आईने शिकवलं.

"ज्याचा धनी माहीत नाई, तो माल चोरीचा," ते म्हणाले.

"बाबा, गाणं काय बैल होय का, धनी पाह्यले?" मोनाली म्हणाली. "ऐकाचं आन् सोडाचं."

त्यांना तिचंही काही खरं वाटत नव्हतं. कानात वायर घालून बसते, म्हणजे नक्की गाणंच ऐकते कशावरून? कोणाशी बोलत असेल तर? एकदा त्यांनी तिच्या कानातली वायर ओढून स्वतःच्या कानाला लावली. गाणंच होतं. तरी नीलाला म्हणाले, "मले पाह्यलं आन् गाणं लावलं असंल."

पण २०११ च्या उन्हाळ्यात त्यांनीही एक मोबाइल घेतला. मोठ्या आवाजाचा, कार्ड टाकायचा, चायनाचा. कामावर रेडिओ नीट लागत नाही, असं कारण सांगितलं. जुनी गाणी भरून घ्यायला बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले. ते दुकान रचना नावाची पंचविशीतली मुलगी चालवायची. ती कार्ड कॉम्प्युटरला लावून गाणी भरत होती, तोवर भैयालाल तिच्या खांद्यामागे उभे राहून बघत होते. तिने खुर्ची दिली, बसले नाहीत. हे त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी परांचीवरून सांगितलं. "मॅडम, पोट्टी लई जलदी हात चालवते. का टाकते, का काढते, दिसत नाई."

पुढच्या वर्षी, एप्रिल संपता संपता, मुर्रीत एका लग्नाची वरात निघाली. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं, पुढे डीजेचा ट्रक. मी घराच्या दारात उभी होते. भैयालाल आमच्या कंपाउंडच्या भिंतीला गिलावा करत होते. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. आधी नुसता ठोका. मग एका तरुण मुलाचा आवाज.

पायातल्या गोट्याले कोण पुसते गा...

भैयालालच्या हातातली थापी तशीच राहिली. चाल जलद केली होती, मध्ये मध्ये शिट्ट्या घातल्या होत्या, पण गाणं तेच होतं. पोरं हात वर करून नाचत होती. नवरदेवाच्या करवल्यासुद्धा "पायते गा" वर टाळ्या देत होत्या. सगळ्यांना पाठ होतं! भैयालाल चुन्या-सिमेंटच्या हातांनी ट्रककडे गेले, "बंद कर, बंद कर" म्हणून हात हलवू लागले. वरच्या माणसाला वाटलं म्हातारा नाचतोय. त्याने आवाज आणखी वाढवला.

आणि तिसरं कडवं लागलं.

माय वाहे इटा, डोईले पडे घट्टा...

भैयालाल जागच्या जागी उभे राहिले. वरात त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेली. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हे कडवं दुनियेत दोघायलेच माहीत हाय. मले आन् शालीकले."

त्यानंतर त्यांचं कामावर लक्ष राहिलं नाही. एकेक गोष्ट ते जोडत गेले. शालीकराम महिन्याभरात दोनदा गोंदियाला जाऊन आला होता. कशाला? त्याच्याकडे नवी पेटी आली होती, चांगली, जर्मन सुरांची. जुनी तर फाटक्या भात्याची होती. नवी कुठून आणली? विचारलं तेव्हा "आली एकाकडून" एवढंच बोलला होता. आणि कार्यक्रम बंद पडल्याचं त्याला फार वाईट कसं वाटलं नाही?

नीला म्हणाली, "जाऊन विचारून त घ्या त्यायले."

"विचारलं त खोटं बोलंल."

"आन् खरं बोलले त?"

"त खरं कशावरून?"

मोनालीनेही सांगून पाहिलं. गाणी अशी हजार वाटांनी फिरतात, काकांनीच दिलं असेल असं नाही. भैयालालनी तिला उडवून लावलं. ज्या पिढीला गाणं कोणी दिलं हे आठवत नाही, तिची साक्ष काय धरायची?

बुद्धपौर्णिमेला विहारात सगळी वस्ती जमली होती. वंदना झाली, खीर वाटायची होती. शालीकराम नवी पेटी घेऊन बसला होता. कोणीतरी म्हणालं, मिस्त्री, एक होऊन जाऊ द्या. भैयालाल उभे राहिले, पण गायले नाहीत.

"मी कायले गाऊ? माहं गाणं शालीकरामनं इकलं. त्या पैशाची पेटी हाय ते. माह्या मायचं कडवं त्यानं डीजेवर नाचवलं."

शालीकरामने पेटीवरची बोटं काढली. मग पेटीचा भाता लावला, पेटी उचलली, आणि दारातून वाकून बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "चाळीस वर्षं सोबत बसलो आपण."

तो वस्तीतून गेलाच. नवेगाव बांध या गावी त्याची मुलगी दिली होती, तिच्याकडे जाऊन राहिला. वस्तीत दोन तट पडले. काही म्हणाले, मिस्त्रीचं बरोबर असेल, कडवं दोघांनाच माहीत होतं ना? काही भैयालालशी बोलेनासे झाले. भैयालाल मात्र म्हणत, "पाह्यलं? खोटा नसता त पळाला कायले?"

मोनालीला हे सहन झालं नाही. शालीककाकाने तिला सायकल शिकवली होती. ती आपल्या पद्धतीने कामाला लागली. वरातीत नाचलेल्या पोरांना विचारलं, गाणं कुठून आलं? कोणालाच सांगता येईना. तिने मोबाइलवर गाणं नीट ऐकलं. सुरुवातीला एक आवाज होता, "लोकेश डीजे". तिने बापाला सांगितलं, "चला. तुमाले माणूस पाहिजे न? हा माणूस हाय."

लोकेश गोंदियातच सापडला. घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. भैयालाल दारातच उभे राहून म्हणाले, "गाणं चोरून पोट भरतं का?"

लोकेश गडबडला. "काका, कौन सा गाना?"

मोनालीने लावून दाखवलं. त्याचा चेहरा उजळला. "ये? ये तो इस साल का सबसे हिट है. माह्या दोस्तानं गायलं, मी मिक्स केलं. आपल्या झाडीपट्टीचं जुनं लोकगीत होय न हे?"

"लोकगीत?" भैयालाल म्हणाले. "मी जित्ता हाव अजून."

लोकेश खुर्चीवरून उठला. त्याने आधी भैयालालकडे पाहिलं, मग मोनालीकडे. "तुम्ही बनवलं? काका, आईशप्पथ, माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग होतं. त्यावर नाव नव्हतं. त्यावरून आम्ही उचललं."

"कोण म्हातारा? उंच होता का? पेटी होती का सोबत?"

"पेटी-बिटी नाई. नुसता आवाज. मोबाइलच्या दुकानात भेटलं. रचनादीदीकडे."

रस्ताभर भैयालालच्या मनात म्हणे चालू होतं की शालीकने स्वतः गाऊन दिलं असणार. पेटी मुद्दाम बाजूला ठेवली असणार, ओळखू येऊ नये म्हणून.

रचना गिऱ्हाइकांत होती. मोनालीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, हो, आहे ना, आणि माउस फिरवून एक फाइल उघडली. आधी नुसती खरखर. मग लांबवर कबुतरांचं घुमणं. मग रिकाम्या खोलीत घुमणारा, थकलेला आवाज. पहिलं कडवं. दुसरं. मध्ये एक खोकला. मग तिसरं, आणि "मायले नाई ओटा" वर आवाज फाटला आणि थांबला.

मोनाली म्हणाली, "बाबा, हा त तुमचा आवाज हाय."

भैयालालना त्या क्षणी सगळं आठवलं. मला त्यांनी हे महिन्याभराने सांगितलं, आमच्याच हॉलमध्ये बसून, कारण आवाजातली ती रिकामी खोली हीच होती. २०११ च्या मे महिन्यात, नवा मोबाइल घेतल्या घेतल्या, दुपारच्या सुट्टीत मजूर जेवायला गेले असताना, ते बिनगिलाव्याच्या हॉलमध्ये एकटेच बसले. सिमेंटच्या धुळीने छाती धरायला लागली होती. आपण गेलो तर कडवं आपल्यासोबत जाईल, हे पहिल्यांदा मनात आलं. मोबाइलमध्ये आवाज भरता येतो हे मोनालीने दाखवलं होतं. बटन दाबलं आणि गायले. मग ऐकलं, लाज वाटली, आणि मिटवायला म्हणून कुठलंसं बटन दाबलं. मिटलं असं समजून दोन दिवसांनी कार्ड भरायला याच दुकानात आले.

"मी मिटवलं होतं," भैयालाल रचनाला म्हणाले.

"मिटवलं नव्हतं काका. कार्डातच होतं. मी तुमच्या कार्डातलं सगळं घेतलं होतं."

"मले न विचारता?"

"सगळ्यांचंच घेते. एकाचं दुसऱ्याला देते, दुसऱ्याचं तिसऱ्याला, असंच तर दुकान चालते. तुमचं मला आवडलं म्हणून मी जुन्या गीतांच्या फोल्डरमध्ये टाकलं. जो येतो तो मागतो. माझी आई रोज ऐकते, काका. ती पण वीटभट्टीवर होती."

रचनाचा आवाज खाली आला. तिला वाटलं भांडण होणार. पण भैयालाल त्या खुर्चीवर बसले, वर्षापूर्वी ज्या खुर्चीवर बसायला तयार नव्हते. ते म्हणाले, "मी तुह्या मागंच उभा होतो न बाई. डोळ्यात तेल घालून पाहून राहिलो होतो."

घरी आल्यावरही लगेच त्यांचा संशय गेला असं नाही. मोनालीला तीनदा विचारलं, दुसऱ्याचा आवाज माझ्यासारखा काढता येतो का कॉम्प्युटरवर? शालीकनेही वेगळं दिलं असेल आणि हे वेगळं असेल, असं होऊ शकतं का? मोनाली शेवटी रडकुंडीला आली. नीलाने भाकरी थापता थापता मान वर न करता म्हटलं, "खोकला कोणाचा होता? तोबी शालीकभाऊनं काढला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने बापलेक नवेगाव बांधला गेले.

शालीकराम तलावाच्या बाजूला, मुलीच्या घराच्या ओसरीत बसून जावयाचं जाळं विणून देत होता. पेटी आत दिसत होती. मुलीने पाणी दिलं. तिनेच बोलता बोलता सांगितलं की पेटी तिच्या नवऱ्याने भजनी मंडळाकडून आणून सासऱ्याला दिली होती. जावयाकडून घेतली हे सांगायला शालीकरामला कसंसं वाटायचं, म्हणून कोणाला बोलला नव्हता.

भैयालालनी सगळं सांगितलं. मोबाइल, रिकामी खोली, दुकान, खोकला. सांगताना एकदाही मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, "चूक माही होती."

शालीकराम जाळ्याची गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "तुले एक सांगू? मलेबी शंका होती. मले वाटलं तूच इकलं आन् नाव माह्यावर टाकलं. दोन महिने हेच घोकून राहिलो."

"मी? मी कायले इकन?"

"मी कायले इकन, हे तुवा विचारलं होतं का?"

मोनालीने सांगितलं, काका, चला ना घरी. शालीकराम तिच्याशी मऊ बोलला, पण उठला नाही.

"बोलला कोठी? विहारात. चार लोकायत. मंग इथं तलावावर येऊन सांगते होय? थ्या मासोळ्या साक्षी ठेवू का? विहारात सांग."

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा विहारात पुन्हा सगळे जमले. मी मुद्दाम गेले होते. शालीकराम आला नव्हता. भैयालाल उभे राहिले. त्यांना गाता यायचं, बोलता यायचं नाही. अडखळत म्हणाले की शालीकरामने गाणं दिलं नाही, माझ्याच मोबाइलातून गेलं, मी खोटं बोललो. मग थांबले आणि म्हणाले, "खोटं नोतं बोललो. मले खरंच वाटलं होतं. पण शालीक चोर नाई." खाली बसले. मागून एक म्हातारी म्हणाली, "हे त आमाले आधीच माहीत होतं." आणि खीर वाटायला लागले.

मोनालीने ते बोलणं मोबाइलवर धरलं होतं. तिने ते काकाच्या मुलीला पाठवलं. पण आधी बापाला विचारलं.

दिवाळीला शालीकराम मुर्रीला परतला. लोकेश एकदा येऊन गेला. गाण्यापुढे भैयालालचं नाव बोलून नवं मिक्स करतो म्हणाला, आणि त्याने ते केलंही. पण आधीचं, बिननावाचं, इतकं पसरलं होतं की वरातींत तेच वाजत राहिलं. भैयालालना त्याचा त्रास व्हायचा. एकदा आमच्याकडे गळती बघायला आले असताना रस्त्यावरून जाणाऱ्या एका पोराने ते शिट्टीवर वाजवलं, तेव्हा ते छतावरून वाकून बघत राहिले. हाक मात्र मारली नाही.

दोघे मित्र पुन्हा शालीकरामच्या अंगणात बसायला लागले. जुनी गाणी व्हायची, पेटी वाजायची, चहा व्हायचा. लोकांना वाटलं सगळं पूर्वीसारखं झालं. पण एकदा नीलाही तिथे होती, तिने मला एक गोष्ट सांगितली. भैयालालनी एक नवी ओळ जुळवली होती आणि ते ती गुणगुणायला लागले, तसा शालीकराम पेटीवरून उठला.

"कोठी चालला?"

"मोरीवर जातो. नवं मले नको आयकवू, भैया."

"काऊन?"

"उद्या बाहेर फुटलं त?"

त्याने हे हसून म्हटलं असेल, नसेल. नीलालाही सांगता आलं नाही. भैयालाल ओळ अर्धवट टाकून बसून राहिले. तो परत आल्यावर दोघांनी जुनंच एक गाणं घेतलं.

नवी गाणी आता ते मोनालीला ऐकवतात. ती नागपूरला नर्सिंगला गेली आहे. रविवारी फोन करते, ते भिंतीला टेकून गातात, ती तिकडे रेकॉर्ड करते आणि त्याच दिवशी तिच्या मैत्रिणींना पाठवून देते. ते विचारतात, कोणाकोणाले पाठवलं? ती नावं सांगते. ते वहीत लिहून ठेवतात.